यंत्रालाच विचारा : 'कॉन्फिगर' स्क्रिप्टची हकिगत

लिनक्सवर एखादे मुक्त सॉफ्टवेअर सोर्स कोडपासून, म्हणजे माणसाने लिहिलेल्या मूळ मजकुरापासून, बनवण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल त्यांना तीन आज्ञा पाठ असतील. आधी 'कॉन्फिगर', मग 'मेक' आणि शेवटी 'मेक इन्स्टॉल'. पहिली आज्ञा दिली की पडद्यावर ओळींची रीघ लागते. सी भाषेचा कंपायलर आहे का? आहे. चालतो का? चालतो. अमुक फाईल आहे का? नाही. असे शे-दोनशे प्रश्न आणि त्यांची उत्तरे डोळ्यांसमोरून सरकत जातात आणि आपण तोवर चहा घेऊन येतो. हे प्रश्न कोण कोणाला विचारते आणि मुळात ते विचारावे का लागतात, हे सहसा कोणी सांगत नाही. विज्ञान शिकवणाऱ्यांना ही हकिगत जवळची वाटेल, असा आमचा अंदाज आहे.

सुरुवात युनिक्सपासून करायला हवी. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ही कार्यप्रणाली घडवायला घेतली. १९७३ मध्ये ती सी भाषेत नव्याने लिहिली गेली. त्यामुळे एका बनावटीच्या यंत्रावरून दुसऱ्या बनावटीच्या यंत्रावर ती नेणे शक्य झाले. प्रयोगशाळेची मालक होती एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी. १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे कंपनीला इतर धंद्यांत शिरण्याची मुभा नव्हती. म्हणून युनिक्स विद्यापीठांना सोर्स कोडसह अल्प किमतीत मिळे. हाती आलेली वस्तू उघडून तिच्यात सुधारणा करायची, हा विद्यापीठांचा स्वभावच! बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९७८ पासून बीएसडी नावाची आपली आवृत्ती वाटायला सुरुवात केली. १९८४ मध्ये एटी अँड टीचे विभाजन झाले, जुनी बंधने सुटली आणि कंपनी स्वतःची 'सिस्टिम फाइव्ह' जोमाने विकू लागली. सन, एचपी, आयबीएम, डेक या कंपन्यांनी यातले थोडे आणि त्यातले थोडे घेऊन आपापली युनिक्स बाजारात आणली.

भाषा एकच, पण मालवणी वेगळी आणि वऱ्हाडी वेगळी, तसा हा प्रकार होता. स्मृतीतील मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागी उतरवायचा तर सिस्टिम फाइव्हमध्ये 'मेमकॉपी' म्हणायचे, बर्कलेत 'बीकॉपी'. पडद्यावर शब्द छापणारी 'एको' ही तर अगदी साधी आज्ञा. पण छापल्यावर पुढच्या ओळीवर जाऊ नको, हे सांगायची रीत दोन्हीकडे निराळी होती. बर्कलेत आधी 'उणे एन' लिहायचे, तर सिस्टिम फाइव्हमध्ये शेवटी उलटी तिरकी रेघ आणि 'सी' हे अक्षर. एका ठिकाणची खूण दुसरीकडे वापरली की ती आज्ञा न ठरता शब्दासारखी सरळ छापली जाई.

१९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. कोणालाही वापरता, वाचता, बदलता आणि वाटता येईल असे सॉफ्टवेअर लिहायचे, हा त्याचा संकल्प. पण एका यंत्रावर तयार केलेला प्रोग्राम दुसऱ्या बनावटीच्या यंत्रावर चालत नसे. त्यामुळे सोर्स कोड द्यायचा आणि घेणाऱ्याने तो आपल्या यंत्रावर कंपाइल करायचा, हीच वहिवाट होती. या कामासाठी स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत लिहिलेले 'मेक' हे साधन होते. काय कशापासून बनवायचे याची कृती 'मेकफाईल'मध्ये लिहिली की बाकीचे काम ते करी. अडचण एवढीच, की ही कृती प्रत्येक बोलीत थोडी वेगळी असे. मेकफाईल उघडून आपल्या प्रणालीला लागू पडणारे पर्याय हाताने निवडा, अशी सूचना सोबत येई. आपल्या यंत्रात 'मेमकॉपी' आहे की 'बीकॉपी', हे सामान्य वापरणाऱ्याला कुठून ठाऊक असणार?

पुढे पर्ल भाषा निर्माण करणारे लॅरी वॉल यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यास आपल्या 'आरएन' या वाचन-प्रोग्रामसाठी यावर एक तोडगा काढला. त्यांची 'कॉन्फिगर' नावाची स्क्रिप्ट यंत्रात डोकावून अंदाज बांधी आणि मग वापरणाऱ्याशी चक्क गप्पा मारत तो अंदाज पक्का करून घेई. तिची विनोदबुद्धीही शाबूत होती. युनिस नावाची एक नकली युनिक्स तेव्हा प्रचारात होती. आपण ती वापरत नाही असे दिसले की ही स्क्रिप्ट अभिनंदन करी!

यापुढचा टप्पा १९९१ च्या जून महिन्यातला. डेव्हिड मॅकेंझी तेव्हा फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनसाठी ग्नूची अनेक छोटी साधने सांभाळत होते. फायलींची यादी दाखवणाऱ्या, त्यांच्या प्रती काढणाऱ्या आज्ञांचा 'फाईलयुटिल्स' हा संच त्यांतलाच. त्याच्या मेकफाईलमध्ये वापरणाऱ्याने ठरवायचे पर्याय वीसच्या घरात गेले होते. प्रत्येक नवी आवृत्ती वेगवेगळ्या यंत्रांवर तपासताना खुद्द मॅकेंझीच जेरीस येत. तेव्हा त्यांनी काही पर्याय आपणहून ओळखणारी छोटी शेल स्क्रिप्ट लिहिली.

त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. त्या समजून घेण्यासाठी आपण शाळेच्या प्रयोगशाळेत जाऊ. बदली होऊन नवे विज्ञान शिक्षक आले. प्रयोगशाळेत काय आहे हे त्यांना कसे कळेल? एक मार्ग म्हणजे डेडस्टॉक रजिस्टर उघडणे. त्यात बारा परीक्षानळ्या आणि चार स्पिरिटचे दिवे अशी नोंद असते. दुसरा मार्ग कपाट उघडून दिवा पेटतो का ते पाहण्याचा. नोंदीतला दिवा फुटलेला असू शकतो आणि कोणा उत्साही शिक्षकाने आणलेला नवा दिवा नोंदीत नसू शकतो. 'यंत्राचे नाव सांगा, म्हणजे त्यात काय आहे ते तक्त्यावरून सांगतो' ही रजिस्टरची पद्धत. रिचर्ड पिक्सली यांनी सिग्नस कंपनीत त्याच काळात बनवलेली स्क्रिप्ट मुख्यतः अशी होती. मॅकेंझी यांनी कपाट उघडायचे ठरवले. प्रत्येक युनिक्सच्या प्रत्येक आवृत्तीचा तक्ता अद्ययावत ठेवणे त्यांना अशक्य वाटले. शिवाय ठिकठिकाणच्या जाणकारांनी आपापल्या यंत्रात परस्पर दुरुस्त्या केलेल्या असत, त्या कोणत्या तक्त्यात सापडणार?

कपाट उघडण्याची त्यांची रीत सरळ आहे. 'मेमकॉपी' आहे का हे कळायला हवे ना? मग तिला हाक मारणारा चार ओळींचा सी प्रोग्राम तिथल्या तिथे लिहायचा आणि कंपायलरच्या हवाली करायचा. प्रोग्राम तयार झाला तर उत्तर 'आहे', अडला तर 'नाही'. मग तो पुसून टाकायचा आणि पुढचा प्रश्न घ्यायचा. पडद्यावरून सरकणारी बहुतेक ओळ असा एक प्रयोग असते.

स्क्रिप्ट शेलमध्येच का, हा प्रश्न आमच्या वाचकांना पडला असेल. शेल म्हणजे आपण टंकलेल्या आज्ञा समजून घेणारा प्रोग्राम. दुसरे काही असो वा नसो, प्रत्येक युनिक्सवर स्टीफन बॉर्न यांच्या १९७९ च्या शेलचा कोणता ना कोणता वंशज असणारच. पण इथेही बोली होत्याच! त्यामुळे स्क्रिप्टला सर्वांत जुन्या शेललाही कळेल इतकेच बोलावे लागे. मूळ बॉर्न शेलमध्ये, काही ओळींना नाव देऊन त्या पुन्हा बोलावण्याची सोय नव्हती. म्हणून त्याच त्या ओळी स्क्रिप्टमध्ये पुन्हा पुन्हा लिहिल्या जात. 'एको'चे कोडेही तिने प्रयोगानेच सोडवले. तिरकी रेघ आणि 'सी' लावलेला शब्द छापून पाहायचा आणि छापलेल्या मजकुरात 'सी' दिसतो का ते शोधायचे. दिसला तर ती खूण इथे कळत नाही, हे उघड झाले.

या स्क्रिप्टची कीर्ती पसरली आणि एका सहकाऱ्याने विचारले, 'अशा स्क्रिप्ट तयार करणारे साधन तुमच्याकडे आहे का?' नव्हते. पण असायला हवे हे मॅकेंझी यांना पटले. कर्निगन आणि रिची यांच्या एम-फोर या जुन्या मॅक्रो भाषेत त्यांनी ते लिहिले. काय काय तपासायचे त्याची लहानशी यादी लेखकाने द्यायची आणि या साधनाने त्यातून पूर्ण स्क्रिप्ट करून द्यायची. 'ऑटोकॉन्फिग' हे नाव ठरत होते, पण पुढे आवृत्तीचा क्रमांक जोडला की जुन्या युनिक्सच्या फाईलनावाच्या मर्यादेत ते मावेना. म्हणून ते 'ऑटोकॉन्फ' झाले. जुन्या यंत्रांना सांभाळून घेणारे हे साधन नावापासूनच तडजोड करत आले आहे. पहिली आवृत्ती १९९२ मध्ये आली, दुसरी १९९४ मध्ये. पाठोपाठ मेकफाईल बनवून देणारे 'ऑटोमेक' आणि सामायिक लायब्ररींसाठी 'लिबटूल' ही भावंडे आली.

यादी छोटी असली तरी तयार होणारी स्क्रिप्ट हजारो ओळींची असते. ती कोणी वाचत नाही. ती वाचण्यासाठी नाहीच, असे सारेच मानतात, आणि आमच्या मते खरा धोका इथेच आहे.

प्रयोग फसला की उत्तर 'नाही' येते. पण तो वस्तू नसल्यामुळे फसला की मांडणी चुकल्यामुळे, हे उत्तरावरून कळत नाही. २०२३ मध्ये क्लँगच्या सोळाव्या आणि २०२४ मध्ये जीसीसीच्या चौदाव्या आवृत्तीने जुन्या ढिल्या धाटणीचे सी प्रोग्राम नाकारायला सुरुवात केली. जुन्या स्क्रिप्टमधले कित्येक चाचणी-प्रोग्राम त्याच धाटणीचे होते. यंत्रात असलेल्या गोष्टीही त्यामुळे 'नाही' ठरू लागल्या, त्याही कसलीच तक्रार न करता.

हे झाले अजाणता. २०२४ मध्ये एक्सझेड या फाईल दाबून लहान करणाऱ्या प्रकल्पात ते जाणूनबुजून घडले. जिया टान या नावाने दोनएक वर्षे काम करून विश्वास मिळवलेल्या व्यक्तीने, लँडलॉक ही सुरक्षेची सोय यंत्रात आहे का हे पाहणाऱ्या चाचणी-प्रोग्राममध्ये एक सुटे टिंब टाकले. ती चाचणी सीमेक या नव्या साधनासाठी होती, पण तत्त्व तेच. टिंबामुळे प्रोग्राम कधीच कंपाइल होणार नव्हता, उत्तर नेहमी 'नाही' येणार होते आणि ती सोय गुपचूप वगळली जाणार होती. मुख्य घाव मात्र ऑटोकॉन्फच्या वाटेने घातला गेला. एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या वाटायच्या गठ्ठ्यात बदललेली एक एम-फोर फाईल होती. सर्वांना दिसणाऱ्या सार्वजनिक भांडारात ती नव्हती. गठ्ठ्यात भांडारापेक्षा जास्त फायली असणे नित्याचे, कारण तयार कॉन्फिगर स्क्रिप्टही गठ्ठ्यातच येते. म्हणून कोणाला शंका आली नाही. त्या फाईलमुळे स्क्रिप्टमध्ये शिरलेल्या ओळी चाचणीच्या नमुना-फायलींत दडवलेला कोड बाहेर काढत आणि दूरच्या यंत्रात शिरण्याचे चोरदार तयार करत. त्याआधी हे यंत्र लिनक्सचे आहे का, योग्य बनावटीचे आहे का, हे त्या नेमाने तपासत.

आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर दूरस्थ प्रवेशासाठी सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले. त्याचा माग काढत ते एक्सझेडपर्यंत पोहोचले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी हा प्रकार जाहीर केला. त्या आवृत्त्या तोवर बहुतेक चाचणीच्या लिनक्स संचांतच पोहोचल्या होत्या. मूळ लेखक लासे कॉलिन यांनी सगळा कोड तपासून २९ मे रोजी ५.६.२ ही स्वच्छ आवृत्ती दिली.