लांब पल्ल्याचं चाक आणि त्यातली तार

आजचा विषय वरवर पाहता दुकानात पाच मिनिटांत मिटणारा आहे. सामान लादून महिना-दोन महिने सायकलवर फिरायचं असेल तर चाकात तारा कुठल्या घालाव्यात? बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं असतं : जाड घाला, मोडणार नाहीत. आम्हाला हे उत्तर इतिहासाच्या अंगाने फार मोलाचं वाटतं, कारण ते सायकलचं उत्तर नाहीच. ते बैलगाडीचं उत्तर आहे.

बैलगाडीचं चाक डोळ्यांसमोर आणा. मध्ये तुंबा, त्यातून निघालेले लाकडी आरे, बाहेरून लोखंडी धाव. गाडीचं ओझं तुंब्यावर येतं आणि तिथून खालच्या आऱ्यावर दाबलं जातं. आरा म्हणजे खांबच. खांब जितका जाड तितका भरवशाचा, यात चुकीचं काही नाही. १८६०च्या दशकात फ्रान्समध्ये पेडल लावलेल्या सायकली निघाल्या, त्यांची चाकंही याच जातीची होती : लाकडी आरे, वर लोखंडी पट्टी.

तारेची कल्पना त्याआधीची आहे आणि ती सायकलवाल्याची नाही. जॉर्ज केली या इंग्रज गृहस्थाला माणसाला उडवणारं यंत्र करायचं होतं. त्याला चाकं हवी होती, पण वजन नको होतं. १८०८ मध्ये त्याने आपल्या वहीत लिहून ठेवलं की लाकडी आऱ्यांऐवजी ताणलेली दोरी वापरली तर चाक हलकं होईल. पुढे १८६९ मध्ये पॅरिसच्या यूजेन मेयरने तारांच्या चाकाचं पेटंट घेतलं आणि १८७० मध्ये कॉव्हेंट्रीत जेम्स स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांनी 'एरियल' सायकल आणली. तिच्या तारा हबमधून सरळ रिमकडे जायच्या. त्या ताणायला हबवर आडवी दांडी होती. ती फिरवली की सगळ्या तारा एकदम ताणल्या जात. युक्ती छान, पण पेडल मारलं की हब आधी पिळतो आणि रिम मागाहून येते. म्हणून १८७४ मध्ये स्टार्लीने तारा तिरप्या घातल्या. निम्म्या पुढे झुकलेल्या, निम्म्या मागे, एकमेकींना ओलांडून जाणाऱ्या. आज गल्लीतल्या कुठल्याही सायकलच्या मागच्या चाकाकडे पाहा, बहुधा स्टार्लीचीच विणकाम पद्धत दिसेल.

आता खरी गंमत. तार ढकलू शकत नाही, फक्त ओढू शकते. मग चाक उभं राहतं कशावर? पुष्कळांना वाटतं की हब वरच्या तारांना लटकलेला असतो. जोब्स्ट ब्रँट या अमेरिकन अभियंत्याने १९८१च्या आपल्या पुस्तकात याचं गणित मांडलं आणि वाद अंगावर घेतला. त्याचं म्हणणं असं : चाकावर ओझं आलं की जमिनीजवळ रिम किंचित चपटी होते आणि तिथल्या तीन-चार तारांचा ताण कमी होतो. वरच्या तारांत जवळजवळ काहीच बदलत नाही. म्हणजे भार खालच्याच तारा पेलतात, पण आऱ्यासारख्या दबून नव्हे, आपला ताण सोडून. तो मुळातला ताण संपेपर्यंत चाक भक्कम. एकदा का तार सैल पडली, की चाकाचा तिथला आधारच गेला.

इथे आपल्याला सायकल सोडून रेल्वेकडे वळावं लागेल. १८५० आणि १८६०च्या दशकांत ऑगस्ट व्योलर हा जर्मन अभियंता रेल्वेच्या मोडणाऱ्या आसांचा अभ्यास करत होता. त्याला दिसलं की पोलाद एका मोठ्या झटक्यानेच मोडतं असं नाही. त्याच्या ताकदीपेक्षा बराच कमी ताण लाखो वेळा वर-खाली झाला तरी ते मोडतं, आणि ताण एकूण किती आहे यापेक्षा तो दर वेळी किती बदलतो हे जास्त महत्त्वाचं असतं.

हेच आता चाकाला लावून बघा. २.१ मीटर परिघाचं चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ४७५ फेरे घेतं. २,००० किलोमीटरच्या सफरीत झाले साडेनऊ लाख. दर फेऱ्यात प्रत्येक तार एकदा ढिली होते आणि परत ताणली जाते. आपल्याकडचंच उदाहरण घ्यायचं तर १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलने जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १८ मार्च १९२८ रोजी फेरी पुरी करून परतले. अंतर सांगितलं जातं सुमारे ७१,००० किलोमीटर. चाकाच्या फेऱ्यांत तीन कोटींहून जास्त! अशा प्रवासात तार एखाद्या खड्ड्यामुळे मोडली असं वाटतं खरं, पण खड्डा फक्त शेवटचा धक्का देतो. तडा कधीचाच पडू लागलेला असतो, बहुतेकदा हबजवळ, तारेची मान जिथे वळते तिथे.

मग जाड तार का नको? तारेचे नंबर उलटे चालतात हे दुकानात जाणाऱ्यांना ठाऊक असेलच : १३ नंबर म्हणजे २.३ मिलिमीटर, १४ म्हणजे २, १५ म्हणजे १.८. आता २९० मिलिमीटर लांबीची, २ मिलिमीटरची तार १०० किलोच्या ताणाला साधारण अर्धा मिलिमीटर लांबते. मधला भाग १.८ केला तर त्याच ताणाला जवळपास पावपट जास्त लांबते. हे जास्त लांबणं आपल्याला हवंच आहे. रिम तेवढीच चपटी झाली तरी या तारेतला ताण कमी घटतो, थोडा भार शेजारणींकडे जातो आणि मानेपाशी येणारा चढउतार सौम्य होतो. मान मात्र २ मिलिमीटरचीच, म्हणून तिथला जोर कायम. दोन्ही टोकं जाड, मध्ये बारीक अशी ही तार महाग पडते, पण टिकते. आमच्या मते लांबच्या प्रवासाला सरसकट जाड तारेपेक्षा हीच बरी. ओझं फारच असेल तर मागच्या चाकाला मानेपाशी २.३ची, मध्ये १.८ची तार मिळते; हबच्या भोकात तिची मान घट्ट बसते.

मागच्या चाकाचं दुखणं वेगळं आहे. गिअरच्या सायकलीत उजवीकडे दातेरी चकत्यांना जागा करून द्यावी लागते, त्यामुळे उजव्या तारा जवळजवळ उभ्या आणि फार ताणलेल्या, डाव्या तिरप्या आणि बऱ्याच सैल. डाव्या बाजूला मुळातच ताण कमी, म्हणून त्या लवकर ढिल्या पडतात. तिथे बारीक तार घालणं हे काटकसरीचं नव्हे तर शहाणपणाचं काम आहे. जुन्या काळ्या रोडस्टर सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असत. मागे ओझं जास्त हे त्या लोकांनी बरोबर ओळखलं होतं. आज ३६ तारांचं, प्रत्येक तार तिघींना ओलांडणारं चाक मिळालं तर घ्यावं. तार स्टेनलेस पोलादाची असावी.

आणखी एक, जे पुष्कळ दुकानांत होत नाही. नवीन चाकाचा आऊट काढून झाला की शेजारच्या समांतर तारांच्या जोड्या हाताने कचकचून आवळायच्या, सगळ्या चाकाभर. मान वाकवताना पोलादात जो ताण अडकून राहिलेला असतो तो याने निवळतो. ब्रँटने या गोष्टीवर फार भर दिला होता. यानंतर आऊट परत तपासावा लागतो. आणि निघताना फ्रेमला चिकटवून तीन-चार जादा तारा घ्याच, पण उजव्या आणि डाव्या बाजूच्या लांबीत फरक असतो, तो मोजून. सोबत त्या चकत्या काढायचं हत्यार हवं. उजवीकडची तार मोडली आणि ते हत्यार नसलं, तर खिशात तार असूनही ती हबमध्ये ओवता येत नाही.