एकाच हाताचा प्रकाश आणि काळोख

मराठी घरांत एक विसंगति दीर्घकाळ नांदली. भिंतीवर लक्ष्मीचें चित्र चौकटींत बसवून त्यास हार घातला जाई; त्याच घरांत पाठ्यपुस्तकाखालीं दडविलेल्या रहस्यकथेवर बुरख्यांतला पिस्तुलधारी पुरुष उभा असे. पहिलें चित्र पूज्य, दुसरें त्याज्य. परंतु अनेकदां दोन्हींचा कर्ता एकच होता : रघुवीर मुळगांवकर.

त्यांचा जन्म १९१८ सालीं गोमंतकांत झाला. मुंबईच्या मुद्रणविश्वांत त्यांनीं कीर्ति मिळविली. दिनदर्शिकांवरील देवदेवता आणि नियतकालिकांचीं मुखपृष्ठें हें त्यांचें सर्वश्रुत कार्य. परंतु बाबूराव अर्नाळकरांच्या 'झुंजार' व 'काळा पहाड' या नायकांना मुखपृष्ठांवरचें रूप मिळालें तेंही ह्याच हातानें. अर्नाळकरांनीं हजाराहून अधिक पुस्तकें लिहिलीं. मुंबईहून पुण्याच्या व कोंकणच्या वाटा जेथें फुटतात, त्या पनवेलसारख्या गांवींही वाचक पुस्तक उघडण्यापूर्वीं चित्रापाशींच थबके.

भय रंगविण्याच्या रीति अनेक आहेत. १९२० सालच्या डॉक्टर कॅलिगारीवरील जर्मन चित्रपटांत सावल्या नेपथ्यावरच रंगविल्या होत्या. मुळगांवकरांचें साधन निराळें. दाबलेल्या हवेनें रंगाचे सूक्ष्म तुषार ते कागदावर उडवीत. अशा चित्रांत कुंचल्याची रेघ उमटत नाहीं; उजेड काळोखांत नकळत विरतो. देवतेच्या मुखाभोंवतींचें तेज याच युक्तीनें साधे आणि बुरखाधारी पुरुषामागची रात्रही. एकास वंदन व दुसऱ्याचा धिक्कार करणारांना दोहोंतील कौशल्य एकच आहे, हें उमगलें नाहीं.

या भेदाचा परिणाम चित्रांना भोगावा लागला. पूजेचीं चित्रें कांचेआड सुरक्षित राहिलीं. रहस्यकथांचा कागद हलका. वाचनालयांतून हातोहात फिरतांना मुखपृष्ठ आधीं फाटे, आणि नवी बांधणी करतांना उरलेलेंही काढून टाकलें जाई. ज्या चित्रानें पुस्तक हातीं घ्यावयास लावलें, तेंच प्रथम नाहींसें झालें.

१९७६ सालीं मुळगांवकर निवर्तले. त्यांच्या देवतांना चाहते आजही ओळखतात. मात्र ज्या घराच्या माळ्यावर एखादी जुनी रहस्यकथा उरली असेल, तेथें ती रद्दींत घालण्यापूर्वीं तिचें मुखपृष्ठ खिडकीपाशीं नेऊन एकवार पाहावें.