कूतचा पराभव आणि प्रगतीचे सरकारी दाखले

२ नोव्हेंबर १९१५ रोजी ब्रिटनचे पंतप्रधान हर्बर्ट अ‍ॅस्क्विथ यांनी हाउस ऑफ कॉमन्समध्ये युद्धपरिस्थितीवर निवेदन केले. गॅलिपोलीत फौजा अडकून पडल्या होत्या, फ्रान्समधले खंदक जागचे हलत नव्हते. अभिमानाने सांगावे असे एकच क्षेत्र उरले होते, ते मेसोपोटेमियाचे. इतक्या काळजीने आखलेली, इतक्या तडफेने पार पाडलेली आणि अंतिम यशाची इतकी आशा देणारी दुसरी मोहीम या युद्धात झाली नाही, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. त्यानंतर तीन आठवडेही उलटले नाहीत तोच बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला याच मोहिमेचे कंबरडे मोडले. सुमारे साडेचार हजार माणसे मेली वा जखमी झाली, उरलेले सैन्य कूत-अल-अमारापर्यंत मागे हटले आणि जवळजवळ पाच महिन्यांच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी तुर्कांच्या स्वाधीन झाले. शरण गेलेल्या सुमारे तेरा हजारांत बहुसंख्य हिंदी होते. त्या फौजेचे नाव होते सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३वी, ११०वी आणि ११७वी अशा तीन मराठा पलटणी होत्या आणि त्यांतले शिपाई कोकणातल्या व देशावरच्या खेड्यांतून भरती झालेले होते. हा पराभव कसा झाला यावर लष्करी इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे. त्याच्या आधी आणि नंतर ‘सारे ठीक चालले आहे’ असे सांगणाऱ्यांवर लोकांनी शंका घेतली, त्या शंकेचे मोल मात्र अजून पुरते मोजले गेलेले नाही. माझे म्हणणे असे की, ती शंका युद्धात आणलेला अडथळा नव्हती. त्या मोहिमेत वास्तवाशी इमान राखणारी तीच एक गोष्ट होती.

मोहिमेची सुरुवात मर्यादित होती. नोव्हेंबर १९१४ मध्ये फाव येथे सैन्य उतरले आणि त्याच महिन्यात बसरा हाती आले. इराणी आखाताच्या वरच्या टोकाशी असलेले तेलाचे कारखाने आणि नळ सांभाळायचे, एवढाच हेतू सांगितला गेला होता. पण एकेक ठाणे पडत गेले तसा हेतूही सरकत गेला. डिसेंबरात कुर्ना, जून १९१५ मध्ये अमारा, जुलैत नासिरिया, सप्टेंबरअखेर कूत. प्रत्येक विजयाची तार सिमल्याला, म्हणजे मोहीम चालवणाऱ्या हिंदुस्थान सरकारला, आणि लंडनला जाई, नकाशावरची खूण उत्तरेकडे सरके आणि या सरकण्यालाच प्रगती म्हटले जाई. नदीमार्गाने बसऱ्याहून बगदाद सुमारे पाचशे मैल. त्या वाटेवर ना रेल्वे होती ना पक्का रस्ता. शिधा, दारूगोळा, जखमी, सारे काही टायग्रिस नदीतल्या मोजक्या उथळ बुडाच्या आगबोटींवर अवलंबून होते. सैन्य जितके पुढे जाई तितका बोटीच्या प्रत्येक खेपेला वेळ जास्त लागे, म्हणजे त्याच बोटी प्रत्यक्षात कमी पडत. आगबोटींची मागणी झाली होती, ती वेळेत पुरी झाली नाही. रेल्वेचा प्रस्ताव हिंदुस्थान सरकारने खर्चाकडे बोट दाखवून मागे ठेवला. म्हणजे जी गोष्ट यश म्हणून जाहीर होत होती, तीच आतून मोहिमेला पोखरत होती. पुढे किती मैल गेलो हे सरकार सांगत होते. मागून काय येऊ शकते आणि पुढून काय परत नेता येते, हा प्रश्न त्या हिशेबात धरलेलाच नव्हता.

हे कोणालाच दिसत नव्हते असे नाही. डिव्हिजनचे सेनापती टाउनशेंड यांनीच कूतनंतर थांबावे, बगदादला जायचे तर आणखी मोठी फौज हवी, असे मत दिले होते. त्यांचे वरिष्ठ जनरल निक्सन यांना मात्र हाती असलेल्या बळाचा भरवसा होता. गॅलिपोलीच्या अपयशाने अस्वस्थ झालेल्या लंडनला पूर्वेकडे एक झळझळीत विजय हवा होता. ऑक्टोबर १९१५ मध्ये निघालेल्या आज्ञेत, निक्सन यांना आपले बळ पुरेसे वाटत असेल तर त्यांनी कूच करावे, असे म्हटले होते. जबाबदारी अशी वाटली गेली की लंडन निक्सनकडे बोट दाखवू शकत होते, सिमला लंडनकडे आणि निक्सन दोघांकडे. प्रगतीचे जाहीर दावे अशा व्यवस्थेला फार उपयोगी पडतात. एकदा पंतप्रधानांनी भर सभागृहात मोहिमेची वाखाणणी केली की खालच्या अधिकाऱ्याने ‘थांबा’ म्हणणे म्हणजे पंतप्रधानांना खोटे पाडणे होते. लोकांना धीर यावा म्हणून केलेला दावा अशा रीतीने सेनापतीच्या निर्णयावर स्वार होतो.

टेसिफॉननंतर जे घडले त्यातून सरकारी शब्द आणि वस्तुस्थिती यांतले अंतर उघडे पडले. जखमींना रणांगणावरून स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांत घालून मैलोन् मैल नदीकाठी आणले गेले. तिथे त्यांच्यासाठी इस्पितळाची एकही खास बोट नव्हती. माल आणि जनावरे वाहणाऱ्या बोटींवर व पडावांवर त्यांना दाटीने झोपवून खाली बसऱ्याला धाडण्यात आले. या प्रवासाला दोन आठवड्यांच्या आसपास लागले. बसऱ्यात नांगरलेल्या एका इस्पितळी जहाजावरचे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर यांनी मेजिदिया ही बोट येताना पाहिली. तिच्या कडेने दोर लोंबत आहेत असे त्यांना दुरून वाटले. बोट जवळ आल्यावर कळले की ते दोर नव्हते, आमांशाने बेजार झालेल्या आणि हलू न शकणाऱ्या माणसांची वाळलेली विष्ठा होती. मोडलेल्या मांड्यांना दारूच्या खोक्यांच्या फळ्या बांधल्या होत्या, जखमांत किडे पडले होते. कार्टर यांनी हे वरिष्ठांना लेखी कळवले तेव्हा त्यांची कानउघाडणी झाली आणि अटकेची धमकीही मिळाली. याच सुमारास, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, निक्सन यांच्याकडून गेलेल्या तारेत जखमींची व्यवस्था समाधानकारक झाली असून वैद्यकीय यंत्रणेने अडचणींतही उत्तम काम केले, असे कळवले गेले.

पण जखमी माणसाला तारेसारखे काटछाट करून पाठवता येत नाही. इस्पितळी जहाजे मुंबईला लागत होती. मुंबईचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम बांधून नुकतेच उभे राहिले होते, त्या इमारतीत वस्तूंच्या आधी लष्करी इस्पितळ आले. पत्रांवर सेन्सॉरची कात्री होती, वर्तमानपत्रांवर १९१० चा प्रेस अ‍ॅक्ट आणि १९१५ चा डिफेन्स ऑफ इंडिया अ‍ॅक्ट होता. तरी तुटलेल्या हातापायांवर आणि घरी परतलेल्या माणसांच्या तोंडावर कोणत्याही कायद्याला कुलूप घालता आले नाही. इंग्लंडमध्ये हीच शंका नातेवाइकांच्या पत्रांतून आणि पार्लमेंटमधल्या प्रश्नांतून वर आली. मार्च १९१६ मध्ये हिंदुस्थान सरकारला व्हिन्सेंट आणि बिंग्ले यांची चौकशी समिती नेमावी लागली. लंडनच्या सरकारने आधी कागदपत्रे प्रसिद्ध करण्याचे कबूल केले, मग माघार घेतली. त्यावर सभागृहात इतका गहजब झाला की ऑगस्टमध्ये कायदा करून मेसोपोटेमिया कमिशन बसवावे लागले. जून १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालाने निक्सन, व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग, सरसेनापती सर बोशँप डफ आणि लंडनचे मंत्रिमंडळ अशा सगळ्यांवर दोषाचा कमीअधिक वाटा ठेवला. आजवर ज्याला अफवा म्हटले जात होते, त्यातले बरेचसे आता सरकारी छपाईत वाचायला मिळू लागले.

यावर पहिला आक्षेप येतो तो गुप्ततेचा. युद्ध चालू असताना सगळे उघड बोलले तर शत्रूचा फायदा होतो, असे तेव्हाही म्हटले गेले. सैन्याच्या हालचाली लपवाव्या लागतात हे खरेच. पण बोटी किती कमी आहेत हे टायग्रिसच्या काठावर बसलेल्या तुर्कांना दिसतच होते आणि टेसिफॉनला आपण किती माणसे पाडली तेही त्यांना ठाऊक होते. या प्रकरणात गुपित राखले गेले ते शत्रूपासून नव्हे. ज्यांची माणसे तिथे होती आणि ज्यांच्या करातून खर्च चालला होता, त्यांच्यापासून ते राखले गेले.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. हे अधिकारी खोटे बोलत नव्हते, त्यांना खरोखरच यशाची खात्री होती. निक्सन यांच्याबाबतीत हे बहुधा खरे आहे, आणि म्हणूनच बाहेरच्या शंकेची गरज जास्त ठरते. लबाड माणसाला निदान सत्य कळलेले असते. आशेने भारलेल्या यंत्रणेला ते कळतच नाही, कारण ते कळवणाऱ्या कार्टरला ती गप्प करते. तिच्या आकड्यांनाही यातून सुटका नसते. वेढ्याच्या सुरुवातीला कूतमधून कळवलेला शिध्याचा अंदाज फार थोडा होता. म्हणून सुटकेसाठी निघालेल्या फौजेने जानेवारीतच, पुरी तयारी नसताना, शेख सादपासून हन्नापर्यंत एकामागून एक हल्ले केले. त्यानंतर घरोघर झडती घेतली तेव्हा गावात बरेच धान्य सापडले. सुटकेच्या एकूण प्रयत्नांत सुमारे २३,००० माणसे मेली वा जखमी झाली. ज्या संख्येवर हजारोंचे प्राण टांगलेले असतात, ती दुसऱ्या कोणी तपासावी अशी सोयच त्या व्यवस्थेत नव्हती.

तिसरा आक्षेप निकालाकडे बोट दाखवतो. ११ मार्च १९१७ रोजी जनरल मॉड यांनी बगदाद घेतलेच, मग शंकेखोर बरोबर कसे? पण ज्या सैन्याने बगदाद घेतले ते १९१५ चे सैन्य नव्हते. फेब्रुवारी १९१६ मध्ये मोहिमेची सूत्रे सिमल्याकडून लंडनच्या वॉर ऑफिसकडे गेली. त्यानंतरच्या वर्षभरात बसऱ्याचे बंदर सुधारले, आगबोटी वाढल्या, रेल्वे टाकली गेली, इस्पितळे उभी राहिली. कमिशनचा अहवाल बगदाद पडल्यानंतर आला, त्यामुळे या सुधारणा अहवालाने घडवल्या असे म्हणता येणार नाही. तरी त्या झाल्या त्या ओरड सुरू झाल्यानंतर. आत्मविश्वासाने जे ठाणे घेता आले नाही, ते दोष कबूल केल्यावर घेता आले. विजयाने शंकेखोरांना खोटे ठरवले नाही, त्यांनी दाखवलेल्या उणिवा भरून काढल्यावरच तो मिळाला.

या साऱ्यात एक विषमता होती आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची. डॉर्सेटच्या शिपायाच्या घरच्यांना शंका आली तर त्यांचा प्रतिनिधी पार्लमेंटात मंत्र्याला उभे करू शकत होता. साताऱ्याच्या किंवा रत्नागिरीच्या शिपायाच्या आईला असा दरवाजा नव्हता. कूतनंतर कैद झालेले हजारो हिंदी शिपाई वाळवंटातून चालत गेले आणि त्यांतले अनेक वाटेत किंवा रेल्वेच्या कामावर मेले. टाउनशेंड यांनी मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर सुखाने दिवस काढले. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली, हिंदी फौजेतल्या साध्या शिपायांची मात्र केवळ संख्या नोंदली गेली. कूत पडले त्याच आठवड्यात बेळगावला लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. या दोन घटनांत कार्यकारणभाव नाही, पण त्या एकाच प्रश्नाकडे बोट दाखवतात. टिळक सैन्यभरतीच्या विरोधात नव्हते. माणसे द्यायची तर कारभारात वाटाही हवा, असे त्यांचे म्हणणे होते. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत त्यांनी हेच मांडायला सुरुवात केली तेव्हा गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी त्यांना बोलू दिले नाही.

अशा टीकेमागे राजकीय हेतू होता, असे कोणी म्हणेल. हेतू असेलही. पण कमिशनचे अध्यक्ष लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन स्वतः माजी भारतमंत्री होते, आणि त्यांचा निष्कर्ष टीकाकारांपेक्षा फारसा सौम्य नव्हता. अहवालावरच्या चर्चेत एडविन माँटेग्यू यांनी हिंदुस्थान सरकारची यंत्रणा ताठर आणि कालबाह्य असल्याची कडक टीका केली. भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी माँटेग्यूच आले. २० ऑगस्ट १९१७ ची जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा त्यांनी केली. तिच्यामागे लखनौ कराराचा आणि होमरूल चळवळीचा रेटा मोठा होता, हे विसरून चालणार नाही. तरी पुणे डिव्हिजनच्या शरणागतीने एक गोष्ट सिद्ध करून दिली होती: ज्या सरकारला आपल्या प्रजेला उत्तर द्यावे लागत नाही, ते युद्धही नीट चालवू शकत नाही. म्हणून दूरच्या रणभूमीवरून प्रगतीची ग्वाही येते तेव्हा तिच्याकडे संशयाने पाहणे हा सैनिकाशी द्रोह नाही. किती मुलूख घेतला याआधी जखमी कसे परत येत आहेत, शिध्याचा आकडा कोणी तपासला आणि वाईट बातमी कळवणाऱ्याचे काय झाले, हे प्रश्न विचारले पाहिजेत. १९१५ मध्ये हे प्रश्न वेळेवर विचारण्याचा हक्क आणि त्यांची उत्तरे देण्याचे बंधन असते, तर टेसिफॉनच्या वाटेवर निघालेल्या हजारो मराठी माणसांना थांबवता आले असते.