रोजगार हमी योजना आणि ग्रामीण स्त्रिया

महाराष्ट्रातील मागेल त्याला काम देणारी सामाजिक सुरक्षा योजना. वि. स. पागे हे तिचे शिल्पकार. १९७२ च्या दुष्काळात ती विस्तारली. १९७७ च्या कायद्याने कामाचा हक्क मिळाला. शहरी नोकरदारांच्या व्यवसाय करातून तिला पैसा मिळे, ही तिची खासियत.

पाझर तलाव, रस्ते, बांधबंदिस्तीच्या कामांवर स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या. काम गावाजवळ आणि दर स्त्री-पुरुषांना सारखा, ही त्यामागची मुख्य कारणे. परित्यक्ता व विधवांना तर हाच आधार होता. मात्र मजुरी टोळीने केलेल्या कामाच्या मोजमापावर ठरे. पुरुष खणणार, बाई घमेल्याने माती वाहणार. जोडीदार नसलेल्या बाईला टोळीत सामावून घेणे मुकादमाच्या मर्जीवर राही. पाळणाघराची तरतूद बहुधा कागदावरच राहिली. पोर झाडाला बांधलेल्या झोळीत. शिवाय त्याच कामातून झालेल्या विहिरीचा लाभ जमीनमालकाला, आणि सातबाऱ्यावर बाईचे नाव क्वचितच. मजुरी मिळाली, मालमत्ता नाही.

पुढे २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने लाभार्थींत किमान एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशी अट घातली.