उसन्या भट्टीतली परीक्षा

1955 च्या जिनिव्हा परिषदेत अध्यक्षपदावरून होमी भाभा यांनी, अणुसंमीलनाची ऊर्जा नियंत्रितपणे मिळवण्याचा मार्ग दोन दशकांत सापडेल, असे भाकीत केले; पुढे संशोधनाचा बहुतेक भर तप्त प्लाझ्मा कोंडण्यावर राहिला आणि त्याला वेढणाऱ्या भिंतीचे पोलाद किती टिकेल, हा प्रश्न मागे पडला. वास्तविक न्यूट्रॉनच्या माऱ्याने घन पदार्थातील अणू जागेवरून उखडतात, हे युजीन विग्नर यांनी महायुद्धकाळातच ग्रॅफाइटच्या संदर्भात ओळखले होते. धातूंबाबतचा धक्का स्कॉटलंडमधील डौनरे येथील द्रुतगती भट्टीने दिला: तिच्यातील स्टेनलेस पोलादात अतिसूक्ष्म पोकळ्या आढळल्याचे कॉथोर्न आणि फुल्टन यांनी 1967 मध्ये प्रसिद्ध केले, आणि अशा पोकळ्यांमुळे धातू फुगतो हे स्पष्ट झाले.

फुगण्याइतकीच घातक गोष्ट म्हणजे कमी तापमानाला येणारा कठीणपणा. उखडलेल्या अणूंचे पुंजके स्फटिकातील विस्थापनरेषांची, म्हणजे ज्यांच्या सरकण्यामुळे धातू न तुटता वाकतो त्या दोषरेषांची, वाट अडवतात. त्यामुळे ताणचाचणीत पोलाद अधिक बळकट ठरते, परंतु खाच पाडलेल्या दांडीवर लंबकाचा हातोडा सोडला की पूर्वी वाकणारी तीच दांडी काचेसारखी तडकते.

ड्यूटेरियम आणि ट्रिटियम यांच्या संमीलनातील न्यूट्रॉनची ऊर्जा सुमारे 14 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याने पोलादातच हेलियम निर्माण होतो आणि त्याचे बुडबुडे स्फटिककणांच्या सांध्यांवर साचून ते कमकुवत करतात. असे न्यूट्रॉन विपुल देणारे यंत्र नसल्यामुळे संशोधकांनी निकेल मिसळलेले नमुने विखंडनभट्ट्यांत ठेवले, कारण तेथील मंद न्यूट्रॉनमुळे निकेलातून हेलियम निघतो. युक्ती हुशारीची खरी, पण निकेल स्वतःच पोलादाचे गुण बदलत असल्याने ठिसूळपणाचा दोष नेमका कोणाच्या माथी मारावा, हा वाद उरला.

दरम्यान 1980 च्या दशकापासून मॉलिब्डेनम आणि नायोबियमऐवजी टंगस्टन आणि टँटलम वापरून, किरणोत्सार लवकर ओसरेल अशी पोलादे घडवली गेली; जपानचे एफ-82-एच, युरोपचे युरोफर-97 आणि कल्पाक्कम, गांधीनगर व हैदराबाद येथील संस्थांनी मिळून तयार केलेले भारतीय पोलाद ही त्याच कुळातली. सुमारे 350 अंश सेल्सिअसखाली मारा झाल्यास ठिसूळ होण्याची खोड या कुळालाही सुटलेली नाही. वाहत्या द्रव लिथियमवर ड्यूटेरॉनचा झोत सोडून संमीलनासारखेच न्यूट्रॉन देणारे केंद्र आता स्पेनमध्ये ग्रानादाजवळ उभारले जात आहे.