फुकट ते पौष्टिक?

शुक्रवारची रात्र, साडेनऊ. रूममेट्स पिक्चरला गेलेत आणि आपण लॅपटॉपसमोर हेडफोन लावून बसलोय. स्क्रीनवर सिअ‍ॅटलमधला एक स्टुडिओ. तिकडे सकाळचे नऊ वाजलेत, लोकांच्या हातात कॉफी आहे आणि एक माणूस कॅमेऱ्याची लेन्स हातात धरून अ‍ॅपर्चर म्हणजे काय ते समजावतोय. मध्येच चित्र थिजतं आणि ते गोल चक्र फिरायला लागतं... आठवतंय का कुणाला? :)

त्या काळात भारतात 256 केबीपीएस वेगाला अधिकृतपणे 'ब्रॉडबँड' म्हणत. ती व्याख्या 512 वर गेली ती 2013 साली. आणि आम्ही त्यावर लाइव्ह व्हिडिओ बघायला बसायचो! का? तर फुकट होतं म्हणून. 'फुकट ते पौष्टिक' हा आपला जुना बाणा.

परवा कपाट आवरताना तेव्हाच्या नोट्सची वही सापडली. ती चाळता चाळता प्रश्न पडला की फोटोग्राफी अशी फुकट, सगळ्यांसमोर, प्रत्यक्ष करून दाखवत शिकवायची पद्धत सुरू कुठून झाली? शोधायला बसलो आणि शनिवार गेला. निघालं असं की ही पद्धत जवळजवळ फोटोग्राफीइतकीच जुनी आहे.

तर चला 1839 सालच्या पॅरिसला.

लुई दागेर या गृहस्थाने चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटवायची युक्ती साधली होती. त्याचा भागीदार निएप्स याचं काम त्याच्याही आधीचं, पण तो 1833 मध्येच वारला होता. फ्रेंच सरकारने काय केलं, तर दागेरला वर्षाला 6000 फ्रँक आणि निएप्सच्या मुलाला 4000 फ्रँक असं तहहयात पेन्शन बांधून दिलं आणि सगळी कृती विकत घेतली. 19 ऑगस्ट 1839 रोजी विज्ञान आणि कला अशा दोन्ही अकादमींच्या संयुक्त बैठकीत आरागो या शास्त्रज्ञाने ती जाहीर केली. सभागृह खचाखच भरलेलं, बाहेर आवारातही गर्दी. आजच्या भाषेत सांगायचं तर कोड ओपन सोर्स झाला!

पण डॉक्युमेंटेशन वाचून काम होतं का कधी? ती कृती ऐकून कुणाच्या हाती फारसं काही लागेना. पत्रा किती घासायचा, आयोडिनच्या वाफेवर किती वेळ धरायचा, रंग कोणता आला की थांबायचं, मग पाऱ्याची वाफ किती द्यायची... या गोष्टी नुसतं सांगून कळत नाहीत, बघाव्याच लागतात. कागदावरची पुरणपोळीची कृती आणि आईच्या शेजारी उभं राहून बघितलेली पुरणपोळी यात जो फरक असतो, तोच. शेवटी सप्टेंबरात खुद्द दागेरलाच लोकांसमोर उभं राहून अख्खी कृती करून दाखवावी लागली. फोटोग्राफीची ही पहिली लाइव्ह वर्कशॉप्स म्हणायला माझी काही हरकत नाही.

आता यातली गंमत बघा. ज्ञान फुकट, पण कॅमेरा? तो जिरू नावाच्या व्यापाऱ्याकडून घ्यायचा, दागेरच्या सहीचा शिक्का असलेला. सगळं साहित्य धरून किंमत 400 फ्रँक! हा जिरू दागेरच्या बायकोच्या नात्यातला. आणि ही कृती 'साऱ्या जगाला भेट' म्हणून जाहीर होण्याच्या पाचच दिवस आधी, 14 ऑगस्टला, इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेऊन ठेवलं होतं. म्हणजे साऱ्या जगाला फुकट, इंग्लंड सोडून. टर्म्स अँड कंडिशन्स अप्लाय. :)

मी काही दागेरला नावं ठेवत नाहीये. फुकट देणाऱ्यालाही पोट असतंच. त्याची काय सोय आहे, एवढाच मुद्दा आहे. कारण ती सोय नसली की काय होतं याचं उदाहरणही इतिहासात आहे, आणि ते वाचून मी जरा वेळ गप्पच बसलो होतो.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर. लंडनमधला शिल्पकार. मार्च 1851 मध्ये त्याने 'द केमिस्ट' या नियतकालिकात काचेवर कलोडियन वापरून फोटो काढायची पद्धत सविस्तर लिहून टाकली. पेटंट नाही, काही नाही. त्याच देशात टॅलबॉटने आपल्या कॅलोटाइपचं पेटंट 1841 पासून घट्ट धरून ठेवलं होतं. आर्चरची पद्धतही आपल्याच पेटंटात येते, असा त्याचा दावा. डिसेंबर 1854 मध्ये कोर्टात तो दावा हरला, आणि इंग्लंडमध्ये फोटोग्राफी खऱ्या अर्थाने मोकळी झाली. पुढची जवळपास तीस वर्षं जगभरातले फोटोग्राफर आर्चरच्याच पद्धतीने काम करत होते.

आणि आर्चर? तो 1857 मध्ये वारला. जवळपास कफल्लक. कुटुंबासाठी वर्गणी काढावी लागली. पुढच्याच वर्षी बायकोही गेली. मुलांना सरकारने वर्षाला 50 पौंडांची पेन्शन दिली. शोधाचा फायदा बापाला झाला नाही, जगाला झाला, म्हणून!

असो.

याच सुमारास आपल्याकडे काय चाललं होतं? मुंबई मागे नव्हती. 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. आपले डॉ. भाऊ दाजी लाड तिच्यात होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतः उत्तम फोटोग्राफर होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही निघाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला आणि 1867 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांची छायाचित्रं होती. दागेरने जिथे लोकांसमोर पत्रा घासून दाखवला त्याच शहरात, 28 वर्षांनी मुंबईत शिकलेल्या माणसाचे फोटो! मला हे वाचून उगाचच छान वाटलं.

मधली सव्वाशे वर्षं पटकन ओलांडू. फोटोग्राफी शिकायचे मार्ग मोजकेच होते. एखाद्या स्टुडिओत उमेदवारी करा, क्लबात जा, पुस्तकं वाचा, नाहीतर पैसे भरून वर्कशॉप करा. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स योसेमिटीमध्ये वर्षानुवर्षं वर्कशॉप्स घ्यायचा. पण तिथे पोचायला हवं ना! मग आलं डिजिटल. रोल वाया जायची भीती गेली आणि मोठा कॅमेरा सॉफ्टवेअरवाल्याच्या पगारात बसायला लागला. कॅमेरा आला, शिकवणार कोण?

इथे 2010 साल येतं. सिअ‍ॅटलमधले फोटोग्राफर चेस जार्विस आणि क्रेग स्वॉन्सन यांनी 'क्रिएटिव्हलाइव्ह' सुरू केलं. कल्पना साधी होती. चांगला शिक्षक बोलवायचा, स्टुडिओत मोजके विद्यार्थी बसवायचे आणि दोन-तीन दिवसांचा अख्खा वर्ग इंटरनेटवर थेट दाखवायचा. लाइव्ह बघा, एक पैसा नको. रेकॉर्डिंग हवं असेल तर विकत घ्या, आणि वर्ग चालू असतानाच घेतलंत तर स्वस्तात.

कुठल्याही मॅनेजरने 'फुकट दिल्यावर विकत कोण घेणार?' असंच विचारलं असतं. पण लोक घेत. कारण तीन दिवस सलग बसणं कुणालाच जमत नाही. आणि जो बसतो त्याला शिक्षकाबद्दल अशी आपुलकी वाटायला लागते की पैसे द्यावेसे वाटतात. दागेरचा जिरू इथे रेकॉर्डिंगच्या रूपात पुन्हा भेटतो!

जॉन ग्रीनगो कॅमेऱ्याची मूलतत्त्वं शिकवायचा, झॅक अरायस स्टुडिओतला प्रकाश. जास्मिन स्टारने तर 2010 मध्ये एक खरंखुरं लग्न थेट प्रक्षेपणात शूट केलं. लग्नात रीटेक नसतो. चूक झाली तर ती जगासमोर होणार. वर्गात मास्तर चुकत नाहीत, आणि इथे मास्तर घामाघूम होऊन पुन्हा सेटिंग बदलताना दिसतात. त्यातून जे शिकायला मिळतं ते कापून-जोडून गुळगुळीत केलेल्या व्हिडिओत कुठलं?

शिवाय प्रश्न विचारता यायचे. शिक्षकाशेजारी एक सूत्रधार बसलेला असे आणि चॅटमधले प्रश्न वाचून दाखवत असे. एका रात्री शिक्षक सांगत होता की दिवा दुप्पट लांब नेला की प्रकाश निम्मा होत नाही, पाव होतो. चॅटमध्ये कुणीतरी विचारलं, "पाव का?" मला वाटलं, बरं झालं बाबा विचारलंस! शाळेत हाच नियम पाठ करून मी मार्क मिळवले होते. शिक्षकाने दिवा उचलला, दुप्पट अंतरावर ठेवला आणि फोटो काढून दाखवला. रूममेट परत आल्यावर त्याला टेबल लॅम्पपासून आधी दोन, मग चार फुटांवर बसवलं. पहिला फोटो 1/15 सेकंदाला नीट आला, दुसऱ्याला 1/4 सेकंद लागला. बरोब्बर चौपट! तो वैतागला होता. मी मात्र रात्री दीड वाजता अक्षरशः हसत होतो.

पुढे काय झालं? 2012 आणि 2013 मध्ये कंपनीत गुंतवणूकदारांचे मोठे पैसे आले. गुंतवणूक आली की वाढ दाखवावी लागते, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको. हळूहळू लाइव्हपेक्षा साठवलेल्या कोर्सेसचं महत्त्व वाढलं, मग वर्गणी आली, आणि 2021 मध्ये फायव्हरने कंपनी विकत घेतली. त्याआधी 2020 च्या लॉकडाऊनमध्ये फुकटाची आणखी एक लाट येऊन गेली. निकॉनने आपले ऑनलाइन वर्ग एप्रिलभर मोफत उघडले, अमेरिकेतल्या व्यावसायिक फोटोग्राफरांच्या संघटनेने हजारावर वर्ग दोन आठवडे खुले केले. मीही उत्साहाने नाव नोंदवलं. किती बघितले? दीड.

आणि हीच गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त टोचली. तेव्हा 256 च्या कनेक्शनवर, झोप मोडून, थिजणाऱ्या चित्रातून मी शिकलो. आज वेग आहे, व्हिडिओंचा डोंगर आहे, 'नंतर बघू'ची यादी मारुतीच्या शेपटासारखी वाढतेय आणि कॅमेऱ्यावर धूळ आहे. कारण तो वर्ग सकाळी नाहीसा होणार होता! शंभर डॉलर, म्हणजे तेव्हाचे साडेचार हजार रुपये, द्यायची माझी तयारी नव्हती. मग आत्ता, जागं राहून, वहीत उतरवून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पैशांनी नाही, पण झोपेने मी त्या वर्गाची फी भरली होती.

फुकट असं काही नसतंच. कधी फ्रान्सची तिजोरी भरते, कधी रेकॉर्डिंग विकत घेणारा कुणी अनोळखी माणूस भरतो, कधी आर्चरची पोरं भरतात. आणि आपला वाटा आपण भरला नाही, तर शिकणं होत नाही एवढंच.

त्या वर्गांचं एकही रेकॉर्डिंग मी कधी विकत घेतलं नाही, याची आता जरा लाज वाटते. त्यामुळे गेल्या आठवड्यात इथल्याच एका फोटोग्राफरच्या रविवारच्या वर्गाचे पैसे भरून टाकलेत. सकाळी सहाला, नदीकाठी. रेकॉर्डिंग मिळणार नाही, असं त्याने आधीच सांगितलंय.

वही शोधून ठेवली आहे. बॅटरी चार्जिंगला लावतो.