ध्रुवावरचे वादळ आणि कुलाब्याची वही

महाराष्ट्राच्या नकाशावर एक पट्टी आडवी ठेवा. तिचे एक टोक अलिबागच्या किनाऱ्यावर येऊ द्या, दुसरे लातूरवर. पट्टी जवळजवळ सरळ पूर्व-पश्चिम राहील. अलिबाग साडेअठरा अक्षांशाच्या जरासे वर, लातूर जरासे खाली. नांदेड तेवढे अर्ध्या अंशाने उत्तरेला सरकते. तिकडे नारळ-पोफळी, इकडे ज्वारी-सोयाबीन. तिकडे पावसाला उसंत नाही आणि इकडे त्याची वाट पाहण्यात नक्षत्रे जातात. पण चुंबकसूचीला विचाराल, तर हा सगळा एकच पट्टा. अलिबागची सुई ज्या दिवशी थरथरते, त्या दिवशी लातूरची आणि नांदेडचीही थरथरते. आणि ती ज्या वादळाने थरथरते, त्याचा खरा तडाखा बसतो हजारो मैल दूर, ध्रुवावरच्या हवेला. या वादळाचे वजन आपल्या पट्ट्यात बसून कसे केले गेले, त्याची ही हकीकत.

ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत कुलाब्याला वेधशाळा बांधली ती १८२६ साली. हेतू साधा होता : जहाजांना वेळ कळावी, ताऱ्यांचे वेध घ्यावेत. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचीही मोजणी सुरू झाली. त्या आरंभीच्या काळात तेथे काम करणाऱ्यांत आपली दोन माणसे होती. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी काही काळ या वेधशाळेचा कारभार पाहिला, आणि केरूनाना छत्रे यांनी ऐन तारुण्यात तेथे साहाय्यक म्हणून नोकरी केली. हेच केरूनाना पुढे पुण्यात लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू झाले. काम मात्र कंटाळवाणे, बरं का! टांगलेल्या चुंबकाला आरसा लावलेला; दूर ठेवलेल्या दुर्बिणीतून त्या आरशात पट्टीवरचा आकडा पाहायचा आणि वहीत लिहायचा. दर तासाला. दिवसा आणि रात्रीही. सुई हलली नाही तरी लिहायचे.

आता १८५९ साल घ्या. १ सप्टेंबरला, इंग्लंडात दुपारचे बारा वाजायला थोडा अवकाश असताना, रिचर्ड कॅरिंग्टन नावाचे ज्योतिषी सूर्यावरचे डाग कागदावर उतरवीत होते. डागांच्या एका मोठ्या पुंजक्यावर त्यांना एकाएकी पांढरा लखलखाट दिसला आणि काही मिनिटांत विझूनही गेला. मुंबईत तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. भाद्रपदाचा शुक्लपक्ष, गणपतीचे दिवस. तिकडे सूर्यावर काय घडले याची कुलाब्याच्या माणसाला गंधवार्ता असणे शक्य नव्हते. साडेसतरा तास उलटले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुलाब्याची सुई हलू लागली.

तेथला शिरस्ता असा की सुई फार हलू लागली तर तासाची वाट पाहायची नाही. पाव तासाने, वेळ पडल्यास पाच-पाच मिनिटांनी आकडा घ्यायचा. त्या सकाळी तसेच झाले. अकराच्या सुमारास पृथ्वीच्या चुंबकीय बलाचा क्षितिजसमांतर भाग सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली गेला. एकूण बलाशी ताडून पाहिले तर शेकडा चार म्हणा. ऐकायला थोडे वाटते. पण त्या दिवसापासून आजपर्यंत आपल्या अक्षांशावर एवढी घसरण पुन्हा नोंदली गेलेली नाही.

याच वेळी ग्रीनिच आणि क्यू येथे, इंग्लंडात, कुलाब्यापेक्षा आधुनिक यंत्रे चालू होती. प्रकाशाचा ठिपका फोटोच्या कागदावर आपोआप रेघ ओढी. माणसाची गरजच नाही. पण वादळ एवढे मोठे की ठिपका कागद सोडून बाहेर गेला. यंत्र चालू होते, पण ऐन मोक्याच्या वेळची रेघ नाही. कुलाब्याला डोळ्याने वाचणारा माणूस होता, आणि जागाही योग्य होती. ती योग्य का, हे कळायला आधी ध्रुवाकडे जावे लागेल.

सूर्याकडून उजेडाबरोबर विद्युतभारित कणांचा वाराही सतत वाहत असतो. पृथ्वीचे चुंबकत्व म्हणजे या वाऱ्याला घातलेले कुंपण. सूर्यावर मोठा उद्रेक झाला की त्या वाऱ्यात चुंबकत्व भरलेला एक प्रचंड लोट येतो. त्याच्या चुंबकत्वाची दिशा पृथ्वीच्या उलट असली, तर कुंपण उसवते. पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूला चुंबकीय रेषांची लांब शेपटी असते. तिच्यात शक्ती साठत जाते आणि मग ती एकदम सुटते. या रेषा जमिनीकडे वळतात त्या ध्रुवांच्या भोवती. म्हणून सुटलेली शक्ती उतरते तीही तेथेच, दोन्ही ध्रुवांभोवतीच्या कड्यांत.

तेथे जमिनीपासून साधारण शंभर किलोमीटरवर लाखो अँपिअरचे विद्युतप्रवाह हवेतून वाहू लागतात. शेगडीची तार तापते तशी ही विरळ हवा तापते. तापली की फुगते आणि वर चढते. तीन-चारशे किलोमीटर उंचीवर, जिथे उपग्रह फिरतात, तिथली हवा मोठ्या वादळात दुपटीने किंवा त्याहूनही दाट होते. ध्रुवप्रकाशाचे रंगीत पडदे हा या उलाढालीचा दिसणारा भाग; सगळ्या शक्तीचा मोठा वाटा मुकाट्याने हवा तापवण्यात खर्च होतो. तापलेली हवा मग दोन्ही ध्रुवांकडून विषुववृत्ताकडे वाहू लागते आणि काही तासांत तिची लाट आपल्या डोक्यावरून जाते. खालचे जड नायट्रोजन ध्रुवाकडे वर उचलले जाते, प्राणवायूच्या सुट्या अणूंचे प्रमाण घटते, आणि आयनांबरातील मोकळे विद्युत्कण भराभर नाहीसे होतात. लघुलहरींवर दूरदेशीची स्टेशने लावणाऱ्या जुन्या श्रोत्यांना याचा अनुभव असेल : काल खणखणीत ऐकू येणारे स्टेशन आज कुठे गेले? सेटमध्ये दोष नसतो, वरचा आरसाच गढूळ झालेला असतो. ध्रुवावरून जाणाऱ्या विमानांना तर अशा वेळी मार्ग बदलावे लागतात, कारण रेडिओवर बोलणेच होत नाही.

आता जागेची गोष्ट. ध्रुवाजवळच्या सुईला डोक्यावरच्या त्या प्रवाहांचे धक्के बसतात. ती वेडीवाकडी उड्या मारते. ऐन चुंबकीय विषुववृत्तावर, म्हणजे तिरुनेलवेलीच्या बाजूला, दिवसा आकाशात वेगळाच एक प्रवाह असतो, त्याची भर पडते. कुलाबा या दोन्ही गोंगाटांपासून दूर. वादळात पृथ्वीभोवती, अंतराळात काही पृथ्वीत्रिज्यांच्या अंतरावर, विद्युत्कणांचे एक कडे फिरू लागते आणि ते जमिनीवरचे चुंबकीय बल कमी करते. ही घट सर्वांत स्वच्छ दिसते ती आपल्या पट्ट्यात. बाजारच्या गर्दीत तराजू नीट धरता येत नाही. शांत जागा लागते.

या वहीचे मोल पुढे कळले. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे दिसू लागले तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखले की ट्रामच्या प्रवाहापुढे नाजूक सुईचे काही चालणार नाही. कुलाब्याचे ते पहिले भारतीय संचालक. त्यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभी केली, चुंबकत्व नसलेल्या पोरबंदरी दगडाची. १९०४ मध्ये ती सुरू झाली आणि दोन वर्षे दोन्हीकडे एकदम मोजणी ठेवली, म्हणजे जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा जुळावा. माझ्या मते मूस यांचा खरा मोठेपणा या दोन वर्षांत आहे. कुलाब्याला नुसते कुलूप लावून निघणे किती सोपे होते! १९१० साली त्यांनी साठ वर्षांच्या नोंदी दोन जाड खंडांत छापून काढल्या. २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील गुरबक्षसिंग लाखिना आणि शोभना ॲलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर १८५९ च्या वादळाचा हिशेब मांडला, तो याच नोंदींवर. त्यावर वाद आहेत. घसरण फार झटपट भरून आली, तेव्हा तिच्यात ध्रुवीय प्रवाहांचाही हात असावा असे काही म्हणतात. तासाची सरासरी काढली तर आकडा हजाराच्या आत येतो. असो. वाद घालायला आकडा तरी आहे.

आणि तो लागतो कशाला? १३ मार्च १९८९ रोजी अशाच वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास गेली. साठ लाख लोक अंधारात. फेब्रुवारी १९२२ नव्हे, अगदी अलीकडे २०२२ च्या फेब्रुवारीत एक किरकोळ वादळ आले, आणि नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ फुगलेल्या हवेत अडखळून खाली येऊन जळाले. किरकोळ वादळात एवढे, तर १८५९ सारखे आले तर काय, हे ठरवणाऱ्या इंजिनिअरांना सर्वांत मोठ्या वादळाचे माप हवे असते.

मुंबईने एकदा हे वादळ डोळ्यांनीही पाहिले. ४ फेब्रुवारी १८७२, रविवार. सूर्यास्तानंतर शहरातून ध्रुवप्रकाश दिसला आणि समुद्राखालच्या तारेचे संदेश काही तास रखडले, असे टाइम्स ऑफ इंडियाने दोन दिवसांनी छापले. ध्रुवप्रकाशाचा हिरवा रंग शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचा, तांबडा अडीचशेच्या पुढचा. म्हणून दुरून दिसते ती तांबडी झालरच.

लातूर म्हटले की ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवतेच. चुंबकीय वादळाने भूकंप होतो असे कोणी सांगत आले तर विश्वास ठेवू नका. तसा पुरावा नाही. उपयोग मात्र झाला. आकाशातल्या या चुंबकीय हालचाली जमिनीत बारीक विद्युतप्रवाह उठवतात, आणि ते मोजून खडकांच्या थरांचा अंदाज बांधता येतो. किल्लारीच्या परिसरात हैदराबादच्या भूभौतिक संस्थेने ही तपासणी केली. पुढे विंधनविवर घेतले तेव्हा काळा पाषाण ३३८ मीटरवर संपला.

आज ही भूचुंबकत्व संस्था दोन्ही बाजू सांभाळते. अंटार्क्टिकात मैत्री आणि भारती या आपल्या तळांवर तिची यंत्रे आहेत, कोल्हापूरला वरच्या हवेचे वारे मोजणारे रडार आहे, आणि अलिबाग आहेच. १० मे २०२४ ची रात्र, अक्षय्य तृतीयेची. साडेदहाच्या सुमारास वादळाचा पहिला धक्का पृथ्वीला बसला. लडाखात हानले येथील कॅमेऱ्यांना आकाश तांबडे दिसले. लातूर-नांदेडला गच्चीवर झोपलेल्यांना काहीच दिसले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या वेळेला, जगाची सरासरी घसरण चारशे नॅनोटेस्लाच्या घरात गेली होती, आणि अलिबागला तिची नोंद १८४१ पासूनच्या मालिकेत जाऊन बसली.